रकाना नसलेला आवाज

ख्रोनिंगेनला नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
मी कानांवर हेडफोन चढवून
लोकांचं बोलणं अक्षरांत उतरवते,
मिनिटाच्या हिशोबाने, खोकल्यासकट.

प्रश्न हिल्त्ये विचारते. एकेचाळीस कंपन्या,
प्रश्न तोच, फक्त मागे घरघरणारं कॉफीमशीन वेगळं:
सॉफ्टवेअर बांधण्याआधी त्याचं चित्र काढता का,
त्या ठरलेल्या भाषेत,
जिच्यात पोकळ त्रिकोणाचा बाण म्हणजे वारसा
आणि भरीव हिरा म्हणजे
एक मेला की दुसऱ्यानेही मरायचं?

रूलोफ, गाईंचं दूध काढणारी यंत्रं बनवतो:
"नाही हो. कॉलेजात होतं ते.
परीक्षेपुरते बाण घोकले, निकालाबरोबर विसरलो."
मग सांगू लागतो, गाय आत कशी येते,
दार कधी मिटतं,
आणि ती अर्ध्यातूनच मागे फिरली तर
यंत्राने काय समजायचं.
"थांबा, असं नाही कळायचं."
खुर्ची सरकते. टोपण निघतं, टक्.
कुर्र, कुर्र, कुर्र, कुर्र : चौकोन.
लांब कुर्र आणि दोन छोटे फटकारे : बाण.
आता मला नुसतं ऐकून कळतं.

मी लिहिते : मार्करचा आवाज, बावीस सेकंद.
हिल्त्येच्या तक्त्यात : वापर, नाही.

आनेखीन, पेन्शनचा हिशोब ठेवणारी कंपनी:
"होय तर! करारातच होतं.
तीनशे चित्रं, चामडी बांधणीत.
ग्राहकाने सही केली त्याच दुपारी कोड बदलला.
चित्रांना कुणी कळवलं नाही."
ती हसते. ते हसूही मी लिहिते.
वापर, होय.

त्यार्क, पंचविशीतला, घाईत:
"आम्ही कोड लिहितो, चित्र यंत्र काढतं."
आणि ते बघतं कोण?
चार सेकंद शांतता.

माझ्या शाळेच्या अर्जावर वडिलांनी लिहिलं होतं,
घरची भाषा : डच.
मेंढी तारेत अडकली की मात्र
त्यांच्या तोंडून जे निघायचं
ते डच नव्हतं.

शेवटची फाइल डेल्फझाइलची. ही मुलाखत नाहीच,
हिल्त्ये रेकॉर्डर बंद करायला विसरली आहे.
वारा. समुद्रपक्षी. जलद्वाराचा रखवालदार हार्म
तिला टपरीत बोलावून चहा देतो,
भिंतीवरचं काहीतरी दाखवतो.
"कोण्या इंजिनीअर बाईंनी लावलंय, नऊ वर्षं झाली.
हे गोल म्हणजे दार बंद, हे पाणी सारखं, हे दार उघडं.
पडदा काळा पडला की मी इथे बोट ठेवतो.
आपण इथे आहोत. आता फक्त इकडेच जाता येतं.
हा बाण चुकीचा होता, मी पेनाने सुधारला."
कुठल्या भाषेत आहे माहीत आहे का, हिल्त्ये विचारते.
"भाषा? जलद्वार आहे ते."

हार्म सॉफ्टवेअर बनवत नाही.
हार्म नमुन्यात बसत नाही.

होय सात, नाही चौतीस.
मी उगाचच, पैसे न लावता,
त्या चौतीसांतल्या मार्करची बेरीज केली:
एक तास अकरा मिनिटं.
हिल्त्येला पाठवली.

तिने लगेच फोन केला. वैतागली नव्हती.
म्हणाली, हे मोजता येत नाही गं,
कुणाचा बाण कशाचा, नियम कुठले,
प्रत्येकाचं आपापलं,
याला रकाना कुठून आणू?
म्हणजे असं बघ, म्हणाली,
इथे ते लोक, आणि इथे ती भाषा,

आणि तिकडे
टोपण निघालं.